बादलीवर बसून कोण जेवतं?

साबोहत-खोलाने डोक्याच्या रुमालाचं टोक डोळ्यांना लावलं आणि नेमका त्याच वेळी एर्गाश उस्ता हसला. पुढचा सगळा घोळ त्या एका हसण्यातून झाला, असं मोहल्ल्यात अजून सांगतात.

टीव्हीवर ‘कढईपाशी’ चालू होती. ताश्कंदच्या कुठल्याशा बड्या उपाहारगृहाच्या भटारखान्यातली ही मालिका सुरू झाल्यापासून कोकंदच्या त्या गल्लीत संध्याकाळी कुत्रंसुद्धा फिरकत नव्हतं. शेजारची साबोहत-खोला, साऱ्या गल्लीची मावशी, स्वतःच्या घरचा टीव्ही सोडून उस्ताकडे यायची. तिचं म्हणणं, आचाऱ्यांची गोष्ट आचाऱ्याच्याच घरी पाहावी, म्हणजे खरंखोटं तिथल्या तिथे कळतं. एर्गाश उस्ता, म्हणजे उस्ताद, बाजारामागच्या खानावळीत तीस वर्षं पुलावाची कढई सांभाळत होता आणि गावातल्या निम्म्या लग्नांचा पुलाव त्याच्या हातचा असायचा. त्याला खरंखोटं विचारायची गरजच पडत नसे. तो पहिल्या दृश्यापासून सुरू व्हायचा. सुरी अशी धरली तर बोट जाईल. गाजराचे असे ठोकळे केले तर गिऱ्हाईक झारा आपल्या डोक्यात घालेल. एवढ्या आचेवर कांदा टाकून हा पोरीशी गुलुगुलु बोलत बसलाय, कांद्याचा कोळसा कसा होत नाही? मग तोच म्हणायचा, कांदाही बहुधा नटच असणार.

त्या दिवशी मालिकेतल्या सरवर उस्ताने एका अख्ख्या लग्नाला जेवू घातलं. पाहुणे गेले, मालक गेला, वाढपी गेले. सरवर उस्ताने मागच्या दाराशी एक बादली पालथी घातली, तिच्यावर बसला, कढई पुढ्यात ओढली आणि तळाची खरवड बोटांनी काढून खाऊ लागला. मागे सारंगीसारखं काहीतरी रडत होतं. साबोहत-खोला रडली. उस्ताची मुलगी झुल्फिया रडली. उस्ता मात्र मांडीवर थाप मारून हसला.

“बादलीवर बसून कोण जेवतं? भटारखान्यातली बादली कायम ओली असते. याची विजार भिजली नाही का?”

“जेवतात,” खिडकीतून आवाज आला. उस्ताची बायको अदोलत अंगणातल्या चुलीपाशी होती. ती मालिका नेहमी अशीच पाहायची, अर्धी खिडकीतून आणि अर्धी कानांनी.

“तुला काय माहीत भटारखान्यातलं?”

“मला कुठलं माहीत असायला,” अदोलत म्हणाली आणि चुलीकडे वळली.

साबोहत-खोलाने नाक पुसलं. “हसू नकोस रे एर्गाशजान. तू कशावर बसून जेवतोस तिथे?”

“बसायला वेळ कुठे असतो खोला? उभ्या उभ्याच दोन घास. कधी तेही नाहीत. दिवसभर चरबीच्या वासात उभं राहिलं की खावंसंच वाटत नाही.”

“आणि घरी आल्यावर?”

“घरी काय, रोजचंच ठरलेलं. शेवयांची उग्रा.”

आता हे तो कौतुकाने म्हणाला होता. अदोलतची उग्रा म्हणजे काय चीज होती ते त्यालाच ठाऊक. कणीक हाताने पारदर्शक लाटायची, सुरीने केसासारख्या शेवया कापायच्या, पातळ कढणात शिजवायच्या, वर आंबट दह्याचा गोळा आणि मिरपूड. मांसाचा तुकडा नाही, चरबीचा तवंग नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या ताटांत चरबी ओतून आलेल्या माणसाच्या पोटात ती उग्रा गेली की त्याला आपण पुन्हा माणसांत आल्यासारखं वाटायचं. पण हे सगळं त्याने मनातल्या मनात म्हटलं. तोंडातून बाहेर पडले ते तेवढेच दोन शब्द, आणि खोलाने त्यांचा अर्थ लावला, की गावाला पुलाव खाऊ घालणारा हा माणूस तिकडे उपाशी उभा असतो आणि घरी त्याला शेवयांचं पाणी मिळतं.

साबोहत-खोलाने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा खिडकीकडे पाहिलं, आणि एक शब्द न बोलता घरी गेली. खोला एक शब्द न बोलता गेली म्हणजे काहीतरी शिजणार, हे उस्ताला तेव्हाच कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी तो खानावळीतून आला, तर जेवणाच्या बुटक्या टेबलावर वाफाळता वाडगा. त्यात लाल भोपळा भरून उकडलेल्या मंती, फुगलेल्या, चकचकीत, प्रत्येकीची मुरड उलटी. खोलाच्या अंगठ्याला लहानपणी तंदूरचा चटका बसलेला. तेव्हापासून तिची मुरड डावीकडे पडते आणि ती मंती शंभरात ओळखू येते.

“खोलाने पाठवलंय,” झुल्फिया म्हणाली. “म्हणाली, बसून खा म्हणावं. गादीवर.”

उस्ता बसला. त्याने एक मंती तोंडात टाकली. भोपळा गोड होता, कांदा मऊ होता, आणि कोणीतरी आपल्यासाठी मुद्दाम केलंय हे त्या घासातच कळत होतं. तीस वर्षांत त्याच्या हातचं खाऊन लोक उठले होते, छातीवर हात ठेवून म्हणाले होते, “उस्ता, हातांना कधी दुखणं न येवो.” आमच्याकडे जेवण करणाऱ्याला असंच म्हणतात. तो दिवसातून इतक्या वेळा ते ऐकायचा, की रस्त्यावरच्या गाड्यांच्या आवाजासारखं ते कानांवरून जायचं. पण त्याला कोणी मोहल्ल्यातून वाडगा पाठवला नव्हता. आचाऱ्याला काय पाठवायचं, असं सगळ्यांना वाटत आलेलं. उस्ताने बाहीने डोळे पुसले. त्याने सगळ्या मंती खाल्ल्या.

मग त्याने आवाज दिला, “अगं, उग्रा?”

“नाही केली,” अदोलत खिडकीतून म्हणाली.

“का?”

“साऱ्या मोहल्ल्याला कळलंय ना, मी नवऱ्याला शेवयांच्या पाण्यावर ठेवते ते. आता परत चुलीवर उग्रा दिसली तर खोला मला फाडून खाईल. तुम्हीच तोंडाने सांगितलंत. खा आता मंती.”

“अगं, मी तसं नव्हतो म्हणालो.”

“कसं म्हणालात मग?”

कसं म्हणालो ते सांगायचं तर बायकोच्या तोंडावर तिचं कौतुक करायला लागलं असतं, आणि तेवढी सवय उस्ताला नव्हती. तो गप्प बसला.

खोला काही गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. बाजारात, तंदूरपाशी, शाळेच्या दारात तिने सगळ्यांना सांगितलं, टीव्हीवरच्या सरवर उस्तासाठी काय रडताय, आपला एर्गाश आपल्याच गल्लीत खंगतोय. उस्ताचं पोट पट्ट्याबाहेर चांगलं वीतभर होतं, पण डोळ्यांत पाणी असलं की एवढं दिसत नाही. शाळेतली मास्तरीण मस्तुरा-ओपा हिने समोसे पाठवले. कोपऱ्यावरच्या घरातून भाज्या घालून दम दिलेलं मांस आलं. मोहल्ल्याचे प्रमुख नोमान-बोबो यांच्या सुनेने द्राक्षाच्या पानांत खिमा भरलेला ताटभर डोलमा पाठवला. जेवणाचं टेबल भरलं, मग खिडकीची फळी भरली, मग टीव्हीवरसुद्धा एक वाडगा बसला.

इथे एक अडचण सुरू झाली. आमच्याकडे शेजाऱ्याचा वाडगा रिकामा परत जात नाही. गेला तर त्याचा अर्थ, तुमचं आमचं संपलं. काहीतरी घालूनच द्यावा लागतो, आणि आलं त्याहून थोडं सरस. अदोलतने पहिल्या दिवशी अक्रोडाचा हलवा केला, दुसऱ्या दिवशी जर्दाळूचा मुरंबा संपवला, तिसऱ्या दिवशी कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“अहो, माझ्याकडे आता काही उरलं नाही. आचारी तुम्ही आहात. करा.”

“आत्ता? मी सकाळपासून कढईपाशी उभा आहे.”

“मोहल्ला तुमच्या उभं राहण्यावरच तर रडतोय.”

उस्ताने अंगणात कढई चढवली. दिवसभर खानावळीत पुलाव, संध्याकाळी घरी पुलाव. वाडगे भरले, झुल्फियाने पोचवले, आणि त्याला वाटलं, सुटलो. पण उस्ताच्या हातचा पुलाव घरपोच आल्यावर शेजाऱ्यांना भरून आलं. एवढा थकलेला माणूस, आणि आपल्या दोन समोशांसाठी त्याने कढई चढवली. आता नुसते समोसे पाठवून कसं चालेल? दुसऱ्या दिवशी वाडगे दुप्पट आले आणि आधीपेक्षा खोल आले. उस्ता आगीतून फुफाट्यात पडला.

त्याला नाही म्हणता येईना. कोणाला म्हणणार? एकेक जण दाराशी उभं राहून त्याच्या डोळ्यांत बघायचं आणि विचारायचं, “उस्ता, आज बसलात ना जेवायला?” त्यांच्या डोळ्यांतली माया खरी होती आणि उस्ताला ती लागायचीही खोलवर. खानावळीत झारा फिरवताना तो या माणसांना दुवा द्यायचा. पण त्याला हवी होती एकच गोष्ट, आणि ती मोहल्ल्यातल्या एकाही वाडग्यात नव्हती. रोज संध्याकाळी तो अंगणातून चुलीकडे नाक वळवून आत यायचा. चुलीवर नुसतं चहाचं पाणी असायचं.

“आज थोडीशी तरी?” तो हळूच विचारायचा.

“टीव्हीवरचा डोलमा उतरवून खा,” अदोलत म्हणायची.

शेवटी झुल्फियाने युक्ती काढली. कोकंदच्या घराघरांत एकाच तऱ्हेचे वाडगे असतात, निळे, वर पांढऱ्या कापसाच्या बोंडाची नक्षी. लग्नात तेच मिळतात, फुटले तर बाजारातून तेच आणतात. कुठला वाडगा कुठल्या घरचा हे वाडग्याच्या आईलाही सांगता येणार नाही.

“आई, मस्तुरा-ओपाचे समोसे बोबोंकडे देऊ, बोबोंचा डोलमा कोपऱ्यावर, आणि खोलाच्या मंती मस्तुरा-ओपाकडे. भांडं रिकामं जाणार नाही आणि बाबांना कढई चढवायला नको.”

अदोलतने विचार केला. हे बरोबर नव्हतं, पण अंगणातल्या जळणाची रास आता गुडघ्याएवढी राहिली होती. “मंती मुळीच नको,” ती म्हणाली. “मुरड ओळखू येते.”

“मस्तुरा-ओपा घाईघाईत खाते. तिला नाही कळायचं.”

दोन दिवस सुखात गेले. उस्ता झोपला. तिसरा दिवस खानावळीच्या सुट्टीचा होता. त्या दुपारी तो अंगणातल्या लाकडी चौथऱ्यावर जर्दाळूच्या झाडाखाली आडवा झाला होता, तेवढ्यात फाटक उघडलं आणि साबोहत-खोला आत आली. हातात वाडगा. तिच्यामागे मस्तुरा-ओपा, मान खाली. तिच्यामागे काठी टेकत नोमान-बोबो.

खोलाने वाडगा चौथऱ्यावर आपटला नाही. तिने तो फार हळू ठेवला, आणि त्यामुळेच उस्ता उठून बसला.

“एर्गाशजान, हे काय आहे?”

वाडग्यात भोपळ्याच्या मंती होत्या. पुन्हा पुन्हा वाफवून त्यांचा रंग गेला होता, एकीचं पोट फुटलं होतं, पण मुरड डावीकडेच होती.

“मंती,” उस्ता म्हणाला.

“कोणाच्या?”

“तुझ्या, खोला.”

“बरोबर. मी तुझ्यासाठी केल्या आणि आज बोबोंच्या सुनेने मला आणून दिल्या. म्हणाली, खोला, तुमच्यासाठी मुद्दाम पहाटे उठून केल्या. मी बोबोंच्या घरी गेले. बोबो म्हणाले, मस्तुराकडून आल्या. मस्तुराकडे गेले. मस्तुरा म्हणाली, तुझ्या मुलीने आणल्या.” खोलाचा आवाज आता कापत होता. “नको होत्या तर तसं सांगायचंस. माझं पोर परदेशात आहे. मी कोणासाठी करायची मंती? तुझ्यासाठी केली. आणि तू ती गावभर फिरवलीस.”

झुल्फिया दाराआड गेली. अदोलत चुलीपासून पुढे आली, हात पुसत. “खोला, यांना माहीत नव्हतं. मी पाठवायला सांगितलं. चूक माझी.”

“तुझीच असणार. तू त्याला खाऊ देत नाहीस, हे तर सगळ्यांना ठाऊक आहे.”

अदोलतचा चेहरा उतरला. रुमालाचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली, आणि उस्ताने ते पाहिलं. एवढे दिवस त्याला वाटत होतं, गेली ती आपली उग्रा. बायकोचं काय गेलं, हे त्याला या क्षणी समजलं.

“खोला, बस,” तो म्हणाला. “बोबो, तुम्हीही बसा. मला बोलायचंय.”

सगळे बसले. उस्ताला भाषणाची सवय नव्हती. त्याने चौथऱ्यावरची चादर दोनदा सरळ केली.

“पहिल्या दिवशीच्या मंती मी सगळ्या खाल्ल्या. खाताना डोळ्यांत पाणी आलं, कारण माझ्यासाठी मोहल्ल्यातून कधी कोणी काही पाठवलं नव्हतं. खोटं वाटत असेल तर पोरीला विचार. तुझे उपकार मी विसरायचो नाही. पण मी तुला नीट सांगितलं नाही, खोला, आणि सगळी चूक तिथे आहे. मी उग्रा खातो ती मला दुसरं मिळत नाही म्हणून नाही. मी तीच मागतो. दिवसभर हजार माणसांची चरबी नाकात घेऊन मी घरी येतो आणि हिच्या एका वाडग्यावर दुसऱ्या दिवशी उभा राहतो. गावात माझ्या पुलावाचं नाव आहे, पण तो पुलाव हिच्या उग्रेवर चालतो. गेले कित्येक दिवस तिने ती केली नाही, तर माझ्या हातून खानावळीत दोनदा मीठ जास्त पडलं.”

अदोलत झाडाकडे बघत होती, जणू जर्दाळूला यंदा किती फळं धरली हेच तिला पाहायचं होतं. तिचे कान मात्र लाल झाले होते.

“मग तसं म्हणायचं ना रे,” खोला म्हणाली. “तोंडात काय गाजर होतं?”

“आणि मंती मलाच का पाठवल्या, हे मस्तुराने सांगावं,” बोबो म्हणाले.

मस्तुरा-ओपाने घसा साफ केला. “बोबो, माझ्याकडे तुमचा पुलावाचा वाडगा द्यायचा राहिला होता. शाळेच्या परीक्षा चालू आहेत. मी कधी करणार? समोर मंती होत्या, त्या दिल्या.”

“आमच्याकडून पुलाव कुठे गेला होता?”

“उस्तांचाच होता तो. तुमच्या सुनेने मला पाठवला.”

खोलाने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. “म्हणजे तुम्हीही? सगळेच? मग माझी मंती खाल्ली कोणी?”

मस्तुरा-ओपाने बोबोंकडे पाहिलं.

“एक मांजराने खाल्ली,” बोबो शेवटी म्हणाले. “मी पाहिलं. आणि खरं सांगू? एवढं अन्न मोहल्ल्यात फिरतंय आणि काल मी चहा आणि नानवर झोपलो. सून म्हणाली, बाबा, ताटाला हात लावू नका, ते अमक्याचं आहे, उद्या तमक्याकडे जायचंय.”

“आमच्याकडेही तेच,” मस्तुरा-ओपा पुटपुटली. “मुलं अंडी खाऊन शाळेत जातायत.”

खोलाने ओठ दाबून धरले. मग तिने हळूच डोळे खाली केले. “मी तरी काय, उस्ताचा पुलाव मी कोपऱ्यावर दिला,” ती म्हणाली. “परत द्यायला दुसरं काही नव्हतं. नुसता वास घेतला.”

पहिल्यांदा कोण हसलं ते सांगता येत नाही. बहुधा अदोलतच. पण बोबो इतके हसले, की त्यांना काठी बाजूला ठेवावी लागली. हसणं ओसरल्यावर त्यांनी निकाल दिला. ज्याच्या घरात जे फिरतं अन्न असेल ते आत्ता या झाडाखाली आणायचं, सगळ्यांनी बसून संपवायचं, आणि जाताना आपापला वाडगा रिकामा न्यायचा. “रिकामा नेला म्हणून कोणाचा अपमान होत असेल, तर त्याने माझ्याकडे यावं,” ते म्हणाले. “मी त्याला एक वाडगा भरून देईन आणि म्हणेन, घे, आता फेड.”

समोसे आले, डोलमा आला, मंती पुन्हा एकदा, शेवटचंच, वाफवून आल्या. उस्ताच्या पुलावाचा एक वाडगा तीन दारं फिरून त्याच्याच पुढ्यात आला. सगळ्यांनी सगळं खाल्लं. खोलाने उस्ताच्या ताटात फुटक्या पोटाची मंती स्वतः वाढली आणि त्याने ती बसून, गादीवर, तिच्या नजरेसमोर खाल्ली. निघताना प्रत्येकाने ढिगातून हाताला लागला तो वाडगा उचलला. कोणाचा कोणाकडे गेला ते कोणी पाहिलं नाही. फाटकातून निघताना खोला अदोलतपाशी थांबली.

“मला एकदा उग्रा दाखव कशी करतेस ते,” ती म्हणाली. “तेवढंच जमत नाही मला.” खोलाकडून यापेक्षा मोठी माफी मिळत नाही, हे अदोलतला माहीत होतं. तिने खोलाचे दोन्ही हात हातात धरले.

दुसऱ्या दिवशी उस्ता खानावळीतून निघाला तो जवळजवळ धावतच. अंगणात पाऊल टाकताच त्याला वास आला. कढण, मिरपूड, दही. हात धुतले, आत जाऊन टेबलापाशी बसला. झुल्फियाने वाडगा आणून ठेवला. केसासारख्या शेवया, वर दह्याचा गोळा.

‘कढईपाशी’ सुरू झाली होती. सरवर उस्ता आज पुन्हा कांदा जाळत होता, पण एर्गाश उस्ताने त्याला काही म्हटलं नाही. तो एकेक घास घेत होता आणि त्याला वाटत होतं, काल आपण किती बरं बोललो. तीस वर्षांचं देणं एका दुपारी फेडून टाकलं. माणसाने असं कधीतरी मोकळं बोलायला हवं.

“अगं, अजून थोडी आण,” त्याने आवाज दिला.

सारंगी जोरात वाजत होती. खिडकीतून उत्तर आलं नाही. झुल्फिया टीव्हीत बुडालेली. उस्ता स्वतःच वाडगा घेऊन उठला आणि अंगणात आला.

चुलीचा जाळ कमी केलेला होता. पातेलं खाली उतरवलेलं होतं. त्याच्याजवळ एक बादली पालथी घातलेली होती, आणि तिच्यावर बसून अदोलत पातेल्याच्या तळाशी चिकटलेल्या शेवया चमच्याने खरवडून खात होती. मध्येच मान वर करून ती खिडकीतून मालिका बघायची, मग पुन्हा पातेल्यात चमचा घालायची.

उस्ता वाडगा हातात धरून उभा राहिला. ती किती दिवस अशी जेवत असेल, हा हिशेब त्याने करायला घेतला आणि अर्ध्यातच सोडून दिला. या अंगणातून तो रोज आत जायचा. चुलीकडे नाक वळवायचा, नजर कधी वळवली नव्हती.

“तू इथे का बसलीस?” शेवटी त्याने विचारलं.

“अहो, संपली उग्रा,” ती दचकून म्हणाली. “हवी होती का? मला वाटलं झालं तुमचं. हे तळाचं आहे, लागलेलं.”

“आत का नाही येत जेवायला?”

अदोलतला प्रश्नच कळला नाही. “सासूबाई होत्या तेव्हापासूनचं आहे हे. आधी त्यांचं, मग तुमचं, मग पोरांचं. तोवर इथेच असते ना मी. मग आत कशाला जायचं? इथे ऊब असते. आणि खिडकीतून दिसतं की सगळं.”

आत टीव्हीवर कोणीतरी सरवर उस्ताला शाबासकी देत होतं. एर्गाश उस्ताने आपला वाडगा चुलीच्या कठड्यावर ठेवला. नळापाशी दुसरी बादली होती, ती उचलली, पाणी ओतून टाकलं, अदोलतच्या शेजारी पालथी घातली आणि बसला. मग त्याने छातीवर हात ठेवला. दिवसभर गिऱ्हाइकं त्याच्यासमोर ठेवतात, अगदी तसाच.

“हातांना कधी दुखणं न येवो,” तो म्हणाला.

अदोलत त्याच्याकडे बघत राहिली. तिने पातेलं दोघांच्या मध्ये सरकवलं आणि चमचा त्याच्या हातात दिला. “नुसतं बोलू नका,” ती म्हणाली. “शेवया फुगतायत. खा.”

त्याने तळाची एक शेवई काढून खाल्ली. थोडी लागलेली होती, आणि वाडग्यातल्यापेक्षा चांगली होती. त्याने चमचा तिला परत दिला. मग तो जरा चुळबुळला, उठला, विजारीला मागून हात लावून पाहिला.

“ओली असते ही बादली. मी म्हटलं होतं.”

“पुसून घ्यायची असते,” अदोलत म्हणाली, आणि खांद्यावरचा कपडा काढून त्याची बादली पुसून दिली.